चिकन, मटण, अंडी घेताना जनावराचा विचार कसा करायचा: नाशिकमध्ये दर आठवड्याला खरेदी करणाऱ्यांसाठी

आमच्या घरी रविवारचं चिकन-मटण आणायचं काम गेली 15 वर्षं माझ्याकडेच आहे, सिडकोतून निघायचं, डबा घ्यायचा, तासाभरात परत. इतक्या वर्षांत मी भाव विचारला, ताजं आहे का विचारलं, पीस मोठे करा म्हटलं, पण ती कोंबडी दुकानात कधी आली आणि आल्यापासून पाणी प्यायली का हे एकदाही विचारलं नाही. मग दोन वर्षांपूर्वी दिंडोरी तालुक्यात मावसभावाच्या शेडवर मुक्कामाला होते आणि रात्री दीडला गाडी भरायला आली, तेव्हा पहिल्यांदा लिफ्टिंग बघितलं. लाईट बंद करतात, कारण अंधारात पक्षी पळत नाहीत. पोरं आत शिरतात, एकेक पाय धरून एका हातात चार-पाच कोंबड्या उलट्या उचलतात आणि क्रेटमध्ये टाकतात, झाकण लावताना एखादीचा पंख बाहेर राहतो तो तसाच दाबला जातो. पोरं वाईट नव्हती हो, पहाटेच्या आत गाडी निघायला हवी होती आणि मजुरी नगावर होती. भाऊ बाहेर बाजेवर बसून राहिला, आत आला नाही, 40 दिवस त्यानेच त्यांना वाढवलं होतं.

तोपर्यंत मला वाटायचं की जनावराला त्रास म्हणजे सुरी. त्या रात्रीपासून माझं मत असं झालंय की सुरीआधीचा दीड-दोन दिवसांचा काळ, म्हणजे पकडणं, गाडी, ऊन, तहान, दुकानाचा पिंजरा, हा जास्त वाईट असतो, आणि नेमका त्यातलाच शेवटचा भाग आपल्या डोळ्यांसमोर असतो, त्यावर गिऱ्हाईक म्हणून आपण काहीतरी करू शकतो. मांस खाणं सोडलेल्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण माझ्यासारखे जे खातात त्यांनी निदान कसं घ्यावं हे मी करून बघितलेल्या क्रमाने सांगते.

पायरी 1: घरात किती लागतं ते आधी मोजा

हे कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. चार माणसांच्या घरात दर रविवारी दीड किलो साफ केलेलं चिकन येतं असं धरा. जिवंत 2 किलोच्या ब्रॉयलरमधून साल काढून साधारण 1.3 ते 1.4 किलो मिळतं, म्हणजे वर्षाला 55 ते 60 कोंबड्या झाल्या. तेवढंच वजन मटणाचं घेतलं तर 25 किलोच्या बोकडातून 11-12 किलो मटण निघतं, म्हणजे वर्षाला सातेक बोकड. आणि आठवड्याला 30 अंडी लागत असतील तर एक लेअर कोंबडी वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते, म्हणजे तुमच्या घरासाठी पाच कोंबड्या कुठेतरी पिंजऱ्यात बसलेल्या आहेत.

हे गणित मांडल्यावर मला धक्का बसला, कारण आम्ही "मटण नको, चिकनच आणू, हलकं असतं" म्हणायचो आणि त्या हलक्यापायी जीव आठपट जात होते. शिवाय आपल्याकडचा बोकड बहुतेक वेळा उघड्यावर चरलेला असतो, आईजवळ वाढलेला असतो. ब्रॉयलरचं तसं नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा 40 ग्रॅमच्या आसपास असतं आणि 40 दिवसांत 2 किलोच्या वर जातं. लोक म्हणतात इंजेक्शन देऊन फुगवतात, ते खरं नाही, हार्मोन देत नाहीत, ही जातच तशी निवडून निवडून तयार केलेली आहे आणि खाद्यही तसंच असतं. पण मांस ज्या वेगाने वाढतं त्या वेगाने पाय आणि हृदय वाढत नाही, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात कितीतरी पक्षी दोन पावलं चालून बसतात.

मग आम्ही काय केलं, तर महिन्यात चार वेळा चिकन होतं ते एकदा केलं, एकदा मटण आणि उरलेले दोन रविवार मसूर, शेवभाजी, मेथी-पिठलं असं काहीतरी. मटण महाग आहे हे मला माहीत आहे, म्हणून अर्धाच किलो आणायचं. काळ्या मसाल्याचा रस्सा नीट झाला की अर्ध्या किलोत चार माणसं भाकरी कुस्करून पोटभर जेवतात, आपल्या आज्या तसंच करायच्या. खर्च जवळपास तेवढाच राहिला.

पायरी 2: दुकान बघा, आणि दुकानात कोंबडी बघा

आता हे जरा सविस्तर सांगते कारण इथे पाच मिनिटांत खूप काही कळतं. एकाच दुकानावर अडून बसू नका, दोन-तीन रविवार वेगवेगळ्या ठिकाणी जा, आणि गर्दी नसताना जा, सकाळी साडेसात-आठला. ऑर्डर द्यायच्या आधी पिंजऱ्यासमोर उभं राहा आणि खालच्या गोष्टी बघा.

सगळ्यात आधी पाणी. पिंजऱ्यात भांडं किंवा निप्पल काहीतरी आहे का, आणि त्यात खरंच पाणी आहे का. पक्षी उचलायच्या आधी काही तास शेडवरच खाद्य बंद करतात, ते ठीक आहे, गाडीत घाण कमी होते, पण बऱ्याच दुकानात दुसऱ्या दिवशीपर्यंत खाद्य तर नाहीच, पाणीसुद्धा मिळत नाही. दुकानदाराला विचारलं की म्हणतो, "ताई आत्ता जाणारच आहे ती." आत्ता म्हणजे कधी ते बघा, वरच्या पिंजऱ्यातल्या जातात आणि खालच्या कप्प्यातल्या कालच्या तशाच असतात.

मग चोच. चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर त्या उन्हाने हैराण झाल्यात. कोंबडीला घाम येत नाही, धाप लागूनच अंग थंड करते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा 40 च्या आसपास जातो आणि कितीतरी दुकानांचे पिंजरे पश्चिमेकडे तोंड करून रस्त्यावर असतात, वर नुसता पत्रा.

पाय नक्की बघा, हे मला भावाने शिकवलं. शेडमध्ये खाली भाताचं तूस पसरलेलं असतं, ते वेळच्या वेळी हलवलं-बदललं नाही की ओलं होतं, विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि त्यावर बसून बसून पक्ष्याचे तळवे आणि मागचा गुडघ्यासारखा सांधा भाजल्यासारखा काळा-तपकिरी होतो. स्वच्छ पिवळे पाय असले तर शेड बरं सांभाळलं होतं असं समजायला हरकत नाही. तळव्यावर काळे खपले दिसले तर तो पक्षी कित्येक दिवस दुखऱ्या पायावर उभा होता.

आणि जागा. सगळ्यांना एकाच वेळी बसता येतंय का? एकीच्या अंगावर दुसरी चढलेली असेल, कोपऱ्यात एखादी मेलेली तशीच पडलेली असेल तर सरळ निघा, तिथून काही घेऊ नका. एकदा मे महिन्यात एका दुकानात मी जाळीत पाय अडकून लटकलेली कोंबडी बघितली, दुकानदार दुसऱ्याचं चिकन तोडत होता, मी सांगितल्यावर त्याने हात घालून ओढली आणि तीच माझ्यासाठी काट्यावर ठेवली. मी त्या दिवशी रिकाम्या हाताने आले आणि परत तिथे गेले नाही.

दुकानात 14 आकडी नंबर असलेलं एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, लायसन किंवा रजिस्ट्रेशन लावलेलं असायला हवं, ते दिसत नसेल तर विचारा. त्याने कोंबडी सुखात होती हे सिद्ध होत नाही, पण ज्याने ते केलंय तो बाकीचं ऐकून घेतो असा माझा अनुभव.

पायरी 3: कापताना काय सांगायचं

बरेच जण इथे पाठ फिरवून मोबाईल काढतात. मी पण तेच करायचे. पण बघितलं नाही तर सांगणार काय.

चार गोष्टी सांगता येतात आणि नीट सांगितल्या तर ऐकतातही. एक, पिंजऱ्यातून काढताना एका पंखाला धरून खेचू नका, दोन्ही पंख अंगाशी दाबून उचला. दोन, काट्यावर पाय बांधून उलटी लटकवण्यापेक्षा टोपलीत ठेवून वजन करा. तीन, सुरी धारदार हवी आणि एकाच वारात काम झालं पाहिजे, घासत बसायला नको, हलाल असो की झटका, सुरी बोथट असली की दोन्हीत हाल सारखेच. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कापल्यावर हालचाल पूर्ण थांबेपर्यंत सोलायला किंवा गरम पाण्यात टाकायला घेऊ नका. गर्दीत हे होतं, मी बघितलंय, कापल्यावर कोंबडी ज्या ड्रममध्ये टाकतात त्यात ती धडपडत असतानाच बाहेर काढतात. तिथे "भाऊ, मला घाई नाही, थांबा जरा" एवढं म्हटलं तरी पुरतं.

काही दुकानात स्टीलचे नरसाळ्यासारखे कोन लावलेले असतात, कोंबडी त्यात डोकं खाली करून ठेवतात, पंख आपोआप आवळले जातात आणि धडपड कमी होते. ड्रमपेक्षा हे कितीतरी बरं. असं दुकान मिळालं तर लांब पडलं तरी तिथे जा. आणि जिवंत कोंबडी घरी नेणार असाल तर गाडीच्या हँडलला उलटी टांगून नेऊ नका, भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्या. प्राण्यांना वेदना होतील अशा पद्धतीने वाहून नेणं हा 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

पायरी 4: अंडी

अंड्यांबद्दल आपल्याला सगळ्यात कमी वाईट वाटतं कारण कोणी मरत नाही असं वाटतं. पण लेअर जातीचे नर अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही परवडत नाहीत, म्हणून बहुतेक वेळा हॅचरीत, म्हणजे पिल्लं उबवतात तिथे, पहिल्याच दिवशी मारले जातात. मादी पिल्लं साधारण 18-20 आठवड्यांची झाली की अंड्यावर येतात आणि पुढचं वर्षभर किंवा जास्त तारेच्या पिंजऱ्यात असतात. आपल्याकडे वर्षानुवर्षं एका कोंबडीला 450 चौरस सेंटीमीटरच्या आसपास जागा देत आलेत. ए-फोर कागद 620 चौरस सेंटीमीटरच्या थोडा वर भरतो. म्हणजे झेरॉक्सच्या कागदाहून लहान जागेत ती उभी असते, पंख पसरायचा प्रश्नच नाही, मातीत अंग घोळवणं नाही, अंडं द्यायला आडोसा नाही. युरोपियन युनियनने असे साधे पिंजरे 2012 पासून बंद केले. आपल्याकडे विधी आयोगाने 2017 च्या 269 व्या अहवालात कोंबड्यांच्या राहणीमानाबद्दल लिहिलं.

माझी आजी निफाडकडची, तिच्याकडे सात-आठ कोंबड्या होत्या, रात्री डालग्याखाली. अंडं द्यायची वेळ झाली की कोंबडी अख्ख्या घरात जागा शोधत फिरायची, धान्याच्या कोठीमागे, सरपणात, आणि आजी तिच्यासाठी पाटीत भुसा घालून ठेवायची. खुडूक बसलेली कोंबडी कितीही पाहुणे आले तरी कापायची नाही. तारेच्या पिंजऱ्यातल्या कोंबडीलाही आडोसा शोधायची तीच ओढ असते, तिला जागाच नसते.

मग घ्यायची कुठून? पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबक भागातून येणाऱ्या बायका गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात किंवा आसपासच्या आठवडे बाजारात अंडी आणतात, त्यांना विचारा किती कोंबड्या आहेत. "मावशी, किती कोंबड्या तुमच्याकडे?" यावर दहा-बारा, वीस असं उत्तर आलं आणि टोपलीत अंडी लहान-मोठी, वेगवेगळ्या छटांची असली तर बहुतेक खरं असतं. एकसारखी एका मापाची तपकिरी 200 अंडी कोणी गावरान म्हणून विकत असेल तर ती फार्मचीच. टरफलाचा रंग जातीवर असतो, तपकिरी अंड्यात जास्त ताकद वगैरे काही नसतं. अंडी महाग पडतात, मग आम्ही 30 ची 16 केली.

पायरी 5: नावांना भुलू नका

"गावरान" हा शब्द सध्या कशालाही लावतात. गिरीराज, वनराज, कावेरी या सुधारित जाती आहेत, शेडमध्येही वाढवतात आणि परसातही. जात सावकाश वाढणारी असली तर पक्ष्याला ब्रॉयलरइतका त्रास नसतो हे खरं, पण दुकानदाराला जात विचारण्यापेक्षा "किती महिन्यांची आहे, बाहेर सोडलेली होती का" हे विचारा.

पाकिटावर "केज फ्री" असेल तर पिंजरा नाही एवढंच, कोंबड्या बंद शेडमध्ये हजारोंनी असू शकतात. "फ्री रेंज" म्हणजे बाहेर जायची सोय आहे. "अँटिबायोटिक रेसिड्यू फ्री" म्हणजे मांसात औषधाचा अंश नाही, पक्षी कसा जगला याच्याशी त्याचा संबंध नाही. औषधांचा मुद्दा मात्र हलका घेऊ नका, दाटीवाटीने पक्षी ठेवायचे म्हणून औषधं द्यायची असं चक्र आहे, कोलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवलेलं औषध खाद्यातून दिलं जायचं, ते सरकारने 2019 मध्ये बंद केलं. "फार्म फ्रेश", "नॅचरल" याचा काही अर्थ नाही.

शेड बघायला मिळालं तर जरूर जा, पण आत सोडत नाहीत म्हणून लगेच संशय घेऊ नका, बाहेरच्या माणसाच्या चपलेतून रोग जातो. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले होते, शेतकरी ते विसरलेले नाहीत. बाजूच्या जाळीतून बघा. वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं राहून डोळे चुरचुरले तर आत अमोनिया जास्त आहे. पक्ष्याला निदान एक चौरस फूट जागा, तूस हातात घेतलं तर भुरभुरीत, रात्री काही तास अंधार, एवढं विचारा. आणि शेतकऱ्याला दोष द्यायच्या आधी हे लक्षात घ्या की बहुतेक जण कंपनीशी करार करून पक्षी वाढवतात, पिल्लं, खाद्य, औषध सगळं कंपनीचं, शेतकऱ्याला किलोमागे काही रुपये, आणि खाद्य जास्त लागलं तर त्यातूनही कट. किती पक्षी टाकायचे, कधी उचलायचे हे त्याच्या हातात नसतं.

पायरी 6: मटण, आणि वाटे

मटणाला माझा सल्ला सरळ आहे, ओळखीच्या खाटकाकडूनच घ्या आणि त्याला जनावर कुठून येतं ते विचारत राहा. सिन्नर, येवला, नांदगाव हा कोरडवाहू पट्टा, तिथल्या शेळ्या-मेंढ्या चरून वाढतात, संगमनेरी जात तर आपल्याच नाशिक-नगर-पुण्याकडची. कत्तलखान्यांसाठी 2001 चे नियम आहेत, त्यात गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतलं जनावर, किंवा तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली शेळी कापायची नाही असं आहे, आणि एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही असंही आहे. दुकानाच्या मागे बोकड बांधलेला आणि त्याच्यासमोरच काम चाललेलं दिसलं तर बोला. "बोकडाचंच ना?" हे आपण चवीसाठी विचारतो, तोच प्रश्न गाभण शेळ्यांसाठीही कामाचा आहे.

आता वाट्यांचं. गावाकडे पाच-दहा घरं मिळून एक बोकड घ्यायची आणि वाटे घालायची ही जुनी पद्धत आहे, आम्ही सोसायटीतल्या नऊ घरांनी ती परत सुरू केली, दोन महिन्यांतून एकदा. सिन्नरकडच्या एका मेंढपाळ कुटुंबाकडून दोन दाती बोकड घेतो, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाचा, जगलेला. हे करणार असाल तर पुढचं नीट पाळा. बाईकवर दोघांच्या मध्ये दाबून किंवा चारी पाय बांधून आणू नका, छोटा टेम्पो करा, खाली पोतं किंवा कडबा टाका म्हणजे घसरत नाही, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी निघा. शेळी कळपातलं जनावर आहे, एकटी पडली की रस्ताभर ओरडते, दोन घ्यायचे असतील तर एकत्रच आणा. आल्यावर पाणी, सावली, चारा आणि निदान रात्रभर आराम. घाबरलेल्या, थकलेल्या जनावराच्या स्नायूतली साखर संपलेली असते, मग मांसात आम्लता नीट येत नाही, ते काळपट, कडक राहतं आणि लवकर खराब होतं, जुने खाटीक हे अनुभवाने ओळखतात. सोसायटीच्या आवारात कापायचं नाही, महापालिका हद्दीत मान्यता असलेल्या कत्तलखान्यातच कापायचा नियम आहे, खाटकाला सांगितलं की तो ते काम करून देतो. आणि डोकं, पाय, वजरी, कलेजी सगळं वाटून घ्या, काही टाकू नका.

पायरी 7: कोणत्या दिवशी घेऊ नये

आषाढ अमावस्येची गटारी, धुळवड, 31 डिसेंबर. या दिवशी दुकानात आदल्या रात्रीपासून दुप्पट-तिप्पट माल भरलेला असतो, पिंजरे ओसंडतात, सुरीला धार लावायला वेळ नसतो, वर सांगितलेलं एकही कोणी ऐकणार नाही. आम्ही आखाड पाळतो पण अमावस्येच्या आठ दिवस आधी करतो. घरातल्या मोठ्यांनी पहिल्या वर्षी कुरकुर केली, आता सवय झाली. देवाचा बोकड असेल तर तारीख बदलता येत नाही, मग निदान जनावर चार दिवस आधी आणून नीट ठेवा.

पायरी 8: बोलणं, आणि गरज पडली तर तक्रार

कलम 11 मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये आहे, 50 ची वरची मर्यादा 1960 पासून तीच. त्यामुळे कायद्याच्या धाकाने दुकानदार बदलेल ही आशा कमी, दर रविवारी येणारं गिऱ्हाईक जाईल ही भीती जास्त कामाची. भांडू नका, चारचौघांत लाज काढू नका. फारच वाईट असेल, मेलेले पक्षी विकत असतील, तर फोटो काढून महापालिकेच्या पशुसंवर्धन विभागाकडे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी द्या, प्राण्यांच्या छळासाठी जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी आहे तिथेही देता येतं, डोळ्यासमोर चालू असेल तर 112.

मी आता ज्या दुकानात जाते तिथल्या भाऊंना पहिल्यांदा पाण्याचं बोलले तेव्हा ते "बघू" म्हणाले. दुसऱ्या रविवारी परत विचारलं, तिसऱ्याला माझ्यासोबत शेजारच्या दोघी होत्या, त्यांनीही विचारलं. महिन्याभराने पिंजऱ्याला पाइप कापून केलेली पन्हाळ बसली आणि वर हिरवी नेट लागली. ते स्वतःच सांगत होते की रात्रीत पूर्वी दोन-तीन पक्षी मरायचे ते कमी झालं, म्हणजे त्यांचाही फायदाच. कोन अजून लावलेला नाही, ते माझं चालू आहे. मे महिन्यात जाणार असाल तर नऊच्या आत जा, दुपारी त्या पिंजऱ्याच्या जाळीला हात लावून बघा किती तापलेली असते.